बिनजीपेचा दिवा

ऐका हो ऐका. तमाम मायबाप वाचकांना, आणि विशेषतः ज्यांच्या भिंतीवरून कधीकाळी पोलिसांचा लाल दिवा फिरून गेलेला आहे अशा सर्व मंडळींना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नामांतराच्या धामधुमीत सेलू तालुक्यातल्या आमच्या गावचा कायदा आणि सुव्यवस्था काही काळ एका दिव्याने सांभाळली. दिव्याखाली जीप नव्हती. जीपच नाही म्हटल्यावर जीपमध्ये फौजदारही नव्हता. होता तो एक वेळू, एक ट्रॅक्टरची बॅटरी, आणि पायातली रबरी चप्पल हातात घालून बसलेली माझी आत्या. या बंदोबस्ताची सरकारदरबारी कुणी दखल घेतली असेल असं वाटत नाही, म्हणून ते काम मी करते आहे.

आधी जीप होती, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

मी तेव्हा मॅट्रिकला गणितात गचकून घरी बसलेली, लग्नाला आलेली मुलगी होते. विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायला लागल्या. आमचा बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला, शाळेच्या मागे. एके दिवशी दुपारी शाळेच्या बखळीत, म्हणजे मोकळ्या जागेत, जीप येऊन उभी राहिली आणि आम्ही सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांची गाडी जवळून, आणि तीही आपल्याला धरून न्यायला आलेली नाही अशा अवस्थेत पाहिली.

काय थाट होता त्या जीपचा! समोरच्या काचेला दगड लागू नये म्हणून लोखंडी जाळी बांधली होती. जाळी इतकी दाट की ड्रायव्हरला आतून रस्ताच दिसत नसे. त्यामुळे तो मान दाराबाहेर काढून गाडी चालवी. म्हणजे काच सुरक्षित आणि ड्रायव्हरचं डोकं दगडांच्या सोयीसाठी बाहेर. मागे वेताच्या ढाली होत्या. जेवणाच्या वेळी त्या पालथ्या करून त्यांवर भाकरी ठेवायची पद्धत होती. लोखंडी टोपात कांदे असत. एक वायरलेस होता, त्यातून दिवसभर भजी तळल्यासारखा आवाज येई. कुणाशी खरोखर बोलायचं झालं तर जीप माळावर चढवावी लागे. गळ्यात अडकवायचा कर्णा होता. बॉनेटशेजारी हाताने फिरवायचा भोंगा होता. तो ड्रायव्हरने पहिल्या दिवशी हौसेने फिरवून दाखवला, तेव्हा आत्याची शेळी दाव्यासकट पळाली आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाही. आत्याने ड्रायव्हरला दिलेल्या शिव्या लिहिण्याजोग्या नाहीत. फौजदाराने त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि भोंगा वाजवायचा नाही असा हुकूम काढला.

आणि टपावर दिवा. लाल काचेचं टोपण, आत बल्ब. बल्ब जागचा हलत नाही, त्याच्याभोवती एक आरसा फिरतो, म्हणून उजेड फिरल्यासारखा वाटतो. हे मला ड्रायव्हरनेच सांगितलं. आमच्याकडच्या रस्त्यांनी दिव्याचं बूड केव्हाच निखळलं होतं आणि तो सुतळीने बांधलेला होता. ओढ्यात जीप उतरली की दिवा मान टाकी, आणि मागचा हवालदार हात वर करून त्याला सरळ करी.

संध्याकाळ झाली की दिवा लागे. आमचं घर बखळीच्या अगदी समोर. दार लावलं तरी कुडाच्या भेगांतून लाल रेघा आत येत. त्या उतरंडीवरून, मायच्या पाठीवरून, मग आबांच्या खाटेवरून जात आणि क्षणभर अंधार होई. मग पुन्हा उतरंड, पुन्हा माय, पुन्हा आबा.

आता आबांविषयी सांगायला हवं, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, डाकेची पिशवी पोचवायचे. वालूरच्या बाजूची काही गावं त्यांच्याकडे होती, सगळी पायी. लय बोलका माणूस. पत्र द्यायला गेले की वाचून दाखवायचे, उत्तर लिहून द्यायचे, आणि मधल्या वाटेत दोन्हीकडच्या नातेवाइकांत लग्न जमवायचे. रस्त्यात भेटणाऱ्या बैलांशीसुद्धा बोलायचे असं आत्या म्हणे. जीप यायच्या आधी एके दिवशी ते नेहमीसारखे पलीकडच्या गावाला गेले. तिथल्या बौद्धवाड्याला आदल्या रात्री आग लावली होती. आबांना रस्त्यात कुणी सांगितलं नाही. त्यांच्या पिशवीत पत्रं होती, पत्रांवर नावं होती, घरं नव्हती. माणसं कुठे गेली हे विचारायलाही तिथे कुणी नव्हतं.

आबा परत आले. पिशवी खुंटीला टांगली. चपला काढून दाराशी सरळ ठेवल्या. खाटेवर बसले, भिंतीकडे तोंड केलं, आणि गप्प झाले. जेवायला दिलं की जेवत. हात धुवायला पाणी दिलं की हात धूत. सकाळी अंधारात बाहेर जाऊन येत आणि पुन्हा खाटेवर. डाकघरातून मास्तर स्वतः येऊन पिशवी घेऊन गेले, तेव्हाही यांनी मान वळवली नाही.

मामा परभणीला मोंढ्यात हमाली करायचा. तो काळजीने धावत आला, तेव्हा जीप येऊन दोन-तीन दिवस झाले असतील. सगळं सामान बांधा आणि माझ्याकडे चला, असं त्याचं म्हणणं. मायला जायचं नव्हतं. तिचं कारण साधं होतं. माळावर गायरानाचा एक तुकडा तिने वर्षानुवर्षं दगड वेचून वहीत केला होता. कागद नव्हता, नुसती वहिवाट होती. त्यात ज्वारी गुडघ्याला आली होती. एक हंगाम पाठ फिरवली की तो तुकडा गेला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. वाड्यातली जी घरं निघून गेली होती, त्यांची दारं आणि पत्रे आठवड्याच्या आत दुसऱ्यांच्या गोठ्याला लागलेले तिने पाहिले होते.

मामाचं आणि मायचं बराच वेळ चाललं. शेवटी मामाने आबांना विचारलं. आबांनी भिंतीकडे बघत, त्या गावाहून आल्यापासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं.

"जीप हाय तवर हितंच. जीप गेली की जाऊ."

मामा एकटाच परत गेला. मायने त्या दिवशी जीपमधल्या सगळ्यांना गुळाचा चहा पाजला.

वाड्यात त्या दिवसांत काय वाटत होतं असं मला लोक विचारतात. विचारणाऱ्याला भीतीचं वर्णन हवं असतं आणि मी वर्णनात कमी पडणारी बाई नाही. पण खरं सांगायचं तर भीती फार टिकली नाही. नंतर काही वाटेनासं झालं. दिवस असताना पाणी भरून ठेवायचं, गाठोडं दाराशी ठेवायचं, अंगावरच्या कपड्यात आडवं व्हायचं. शेजारच्या घरात म्हातारा वारला तेव्हा कुणी रडलं नाही. रडायचं नाही असं ठरलं नव्हतं, जमलं नाही एवढंच. एकदा आमटीत मीठच नव्हतं. आम्ही चौघांनी ती संपवली, ताटं धुतली, आणि दुसऱ्या दिवशी मीठ संपलंय हे मायच्या लक्षात आलं. उजेड फिरत राहायचा. उतरंड, माय, आबा, अंधार.

मग जीपला बोलावणं आलं. दुसरीकडे कुठेतरी जास्त गरज होती. फौजदाराकडे एवढ्या गावांत मिळून एकच गाडी, आणि जिथे आग तिथे ती.

इथे गावाची एक रीत सांगितली पाहिजे. बंदोबस्ताचे पोलीस ज्या गावात उतरतात, त्यांचं खाणंपिणं गावाकडे. फौजदाराला कोंबडी, हवालदारांना अंडी, सगळ्यांना दूध, निजायला बाजा. हे वरच्या गावातल्या घरांवर पाळीपाळीने लागे, आणि तिथल्या बायका कोंबड्यांच्या खुराड्याकडे बघून उसासे टाकत. पोलीस पाटलाची तर पंचाईत. जीप राहिली तर गाव त्याला शिव्या देणार, जीप गेली आणि काही घडलं तर कलेक्टर त्याला धरणार. जीप निघायच्या तयारीत असताना तो फौजदाराच्या भोवती घिरट्या घालत होता. तेवढ्यात दिव्याची सुतळी तुटली आणि दिवा बॉनेटवर गडगडत आला.

कल्पना नेमकी कुणाची, यावर आजही मतभेद आहेत. पाटील म्हणे माझी, ड्रायव्हर म्हणे साहेबांची. आत्याचं म्हणणं, तिने नुसतं विचारलं होतं की हे मोडकं बोडकं हितंच ठेवून जाता का. काही असो, फौजदाराने दिव्याकडे बघितलं, आमच्या वाड्याकडे बघितलं, आणि दिवा इथे राहू द्या असं सांगितलं. जीप जिथे उभी असे तिथेच, तेवढ्याच उंचीवर, वेळूला बांधायचा. लांबून बघणाऱ्याला शाळेच्या भिंतीवरून उजेडच दिसतो, गाडी दिसतच नाही. पाटलाचा चेहरा फुलला. दिव्याला कोंबडी लागत नाही.

बॅटरीचा प्रश्न पाटलाने उभ्या-उभ्या सोडवला. गावात ट्रॅक्टर एकच, वरच्या गावातल्या मोठ्या मालकाचा. पेरण्या होऊन तो पडून होता. मालकाने बॅटरी काढून दिली, आणि उतरली की देवगाव फाट्याला भरून आणायचा जिम्माही घेतला. त्याच्याच घरातली पोरं वाड्याकडे बघून काय काय बोलत होती ते आम्हाला माहीत होतं. बॅटरी मात्र त्याने मुकाट्याने दिली. त्याच्या घरची पाळी दुसऱ्याच दिवशी होती.

संध्याकाळी दिवा लावायला वाड्यात यायची पाटलाची तयारी नव्हती, म्हणून ते काम आत्याकडे आलं. आबांची ही थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, तेव्हापासून आमच्याकडे. साप हाताने धरणारी बाई, पण विजेला भ्यायची. वायर बॅटरीला टेकवताना हातात रबरी चप्पल घाले, तोंड दुसरीकडे फिरवी, आणि दिवा लागला की पहिल्यांदा बॅटरीला शिवी देई. बॅटरीवर पावसासाठी एक डालगं पालथं घातलेलं असे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोलिसांनी कोंबडी कोंडून ठेवली आहे.

आता खरी अडचण. जीप गेल्याचं आबांना कळता कामा नये. कळलं तर त्यांच्याच शब्दाप्रमाणे निघावं लागणार, आणि मायची ज्वारी तिथेच उभी राहणार. आबा खाटेवरून उठत नव्हते. त्यांना दिसायचं ते फक्त भिंतीवर फिरणारं लाल. ते फिरत होतं. पण जीप म्हणजे नुसता उजेड नव्हे, जीपला आवाज असतो. हवालदार खोकतात, ड्रायव्हर गुणगुणतो, कुणीतरी कुणालातरी पाणी मागतं.

रसिकहो, इथे माझा प्रवेश.

पहिल्या संध्याकाळी मी घराच्या कोपऱ्यावर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, की डायवर मामा, चहा ठेवू का? मग चार पावलं पुढे गेले, पदर तोंडात कोंबला, आणि जाड आवाजात ठेव म्हणून सांगितलं. परत आले. साखर किती, विचारलं. पुन्हा गेले आणि जास्त टाक म्हणाले. माय चुलीशी बसून माझ्याकडे बघत होती. आमच्या घरात साखर नव्हतीच.

दुसऱ्या दिवसापासून मी रंगात आले. एक हवालदार निर्माण केला, त्याला दमा दिला. तो रोज दिवा लागला की खोकायचा. फौजदाराचा आवाज माझा सगळ्यात चांगला. कोण हाय रे तिकडं, असं मी एकदा असं काही ओरडले की शाळेपलीकडून जाणारा कुणीतरी खरोखर मी हाय साहेब म्हणाला आणि सायकल टाकून पळाला. सायकल आम्ही सकाळी पाटलाकडे पोचवली. घरात चुलत्याचे जुने बूट पडून होते, ते हातात घालून मी मुरमावर आपटत फिरायची. नाटकात काम करायची मला लहानपणापासून हौस. कंपनी कधी मिळाली नाही. मिळाली ती ही, आणि प्रेक्षक एक. तोही पाठ करून बसलेला.

मी आत येऊन आबांकडे बघायची. ते हलायचे नाहीत. मी विचारायची, आबा, ऐकलं का, हवालदाराचा खोकला लय वाढलाय.  लाल रेघ त्यांच्या मानेवरून जायची.

गंमत म्हणजे गावात हे गुपित कुणाचंच नव्हतं. वरच्या गावाला जीप गेलेली माहीत होती, त्यांच्याच दारावरून गेली. वाड्याला माहीत होतं. वाण्याला, मास्तरांना, कीर्तनाला आलेल्या बुवांना माहीत होतं. तरी सगळे जीप असल्यासारखे वागत. आत्याला दिवा लावायला उशीर झाला तर पाटलाचा निरोप येई, की लवकर लावा, लोक विचारायलेत. कोण लोक, हे त्याने कधी सांगितलं नाही. वरच्या गावातली एक म्हातारी तर शाळेसमोरून जाताना रिकाम्या बखळीकडे बघून डोक्यावरचा पदर पुढे ओढायची.

त्या दिव्याने काही टळलं का? मला माहीत नाही. आमच्या गावात काही झालं नाही. पलीकडच्या गावात झालं, तिथे दिवा नव्हता. दिवा नसलेल्या कितीतरी गावांत काहीही झालं नाही. मोठमोठ्या माणसांनी यावर भाषणं केलेली मी ऐकली आहेत आणि त्यांनाही ते सांगता आलेलं नाही.

एका संध्याकाळी बॅटरी उतरली. मालकाचा गडी ती भरून आणायला विसरला होता. दिवा लागला, पण तांबडा-पिवळा, आजारी. आतला आरसा रखडत फिरायला लागला. उतरंडीवर आलेला उजेड मायपर्यंत यायला इतका वेळ लागे, की ती त्याची वाट बघत हातातलं काम थांबवी. मग आरसा थांबला आणि बल्बही विझला. वाड्यातली सगळी घरं एकदम गप्प झाली.  कुणीतरी आतून कडी लावल्याचा आवाज आला, मग दुसरी कडी, मग तिसरी.

आत्याने वेळू आडवा केला. दिव्याचं लाल टोपण पिळून काढलं. घरातला कंदील घेतला, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात त्याच्यापुढे धरलेलं टोपण, आणि बखळीत मधोमध उभी राहून ती स्वतः गोल फिरायला लागली. जात्यासारखी, एका लयीत. कंदिलाचा उजेड तो केवढा, पण अंधारात पुरला. उतरंडीवरून फिकट लाल गेलं, मायवरून गेलं, आबांवरून गेलं. मी बूट आपटायचं विसरून बघत राहिले. वाड्यातल्या कड्या पुन्हा निघाल्याचा आवाज आला नाही, पण कुठेतरी एक मूल बोलायला लागलं.

बराच वेळ फिरली ती. मग तिला चक्कर आली आणि ती मटकन खाली बसली. कंदील आमच्या दाराकडे तोंड करून राहिला. घरात लाल उजेड थांबला, अगदी आबांवर. इतक्या दिवसांत तो कधी थांबला नव्हता. आबांच्या डोक्याची सावली भिंतीवर उमटली, मोठी, कानासकट. ते त्या सावलीकडे बघत बसले होते. मायची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. भाकरीचा वास यायला लागला तरी कुणी हललं नाही. बाहेर आत्याने कमरेची चंची काढली, तंबाखू मळली, दाढेत धरली, थुंकली, आणि उठून पुन्हा फिरायला लागली.

मी आत आले आणि म्हणाले, की आबा, दिव्यात काहीतरी बिघाड झाला होता, डायवरनं नीट केला. आबांनी मान हलवली. एवढंच. करपलेली भाकरी त्यांनीच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी भरून आली आणि सगळं पुन्हा सुरळीत सुरू झालं. ज्वारी कमरेला आली. माय पहाटे माळावर जाऊन यायची आणि आबांना ऐकू जाईल असं मला सांगायची, की कणसं धरायच्या बेताला येतील आता. हवालदाराचा दमा मी हळूहळू कमी करत आणला. रोज खोकून माझाच घसा बसला होता.

मग एक दिवस भर दुपारी दोन गाड्या एकापाठोपाठ वाड्यात आल्या.

पहिला मामाचा टेम्पो. मोंढ्यातल्या कुणाचा तरी, धान्याची पोती वाहायचा. मामाने ठरवूनच आणला होता. येताना त्याला रस्त्यात कळलं होतं, की जीप केव्हाच गेली. तो मायवर भडकलेला होता, पण आबा आत आहेत म्हणून दाराबाहेर, दबक्या आवाजात भडकत होता. माय दोन्ही हात जोडून त्याला हळू बोल म्हणत होती. ते सगळं कदाचित निभावलं असतं. पण तेवढ्यात दुसरी गाडी आली, आणि ती होती जीप.

जाळी तशीच, ड्रायव्हरची मान तशीच बाहेर. जीप थेट आमच्या दारासमोर थांबली आणि तो उडी मारून उतरला, माहेरी आल्यासारखा खुशीत. कुणी मंत्री दौऱ्यावर येणार होता. गाडीवर दिवा नाही म्हणून साहेबांना वरून बोलणी बसली होती. त्याला आमच्या नाटकाची काय कल्पना? तो आपल्या खणखणीत आवाजात आत्याला म्हणाला,

"आत्याबाई, दिवा द्या बघू माघारी. गाडी जवापासून हितून गेली तवापासून बोडकी हिंडायलीय. लोक हसायलेत."

आत्याने त्याला गप्प करण्यासाठी जे हातवारे केले, ते त्याला शेळीच्या जुन्या भांडणाचे वाटले. शेळीची विचारपूस करून तो बखळीकडे गेला, वेळूच्या गाठी सोडल्या, दिवा काखेत मारला. जाताना मला विचारलं, पोरी, तुझं लगीन जमलं का न्हाई. मी तोंड उघडलं, पण माझ्यातल्या फौजदार, ड्रायव्हर, हवालदार या तिघांपैकी एकालाही आवाज फुटेना. जीप सुरू झाली. इतक्या दिवसांनी खऱ्या इंजिनाचा आवाज आमच्या कुडातून आत गेला, आणि दूर निघून गेला.

माय दाराला टेकून उभी होती. ती आत बघत नव्हती, माळाकडेही बघत नव्हती. मामाने आता दबकं बोलायचं सोडून दिलं. तो दारात उभा राहून आबांना सांगायला लागला, की दाजी, तुमचाच शब्द होता. जीप गेली की जाऊ म्हणले होते. जीप तर कवाच गेली, आता दिवाबी गेला. त्याने मला गाठोडी उचलायला सांगितलं. मी एक उचललं. ते इतके दिवस दाराशी बांधून ठेवलेलं, खालून ओल लागलेलं होतं. मी ते टेम्पोत ठेवलं. मग उतरंडीतलं वरचं मडकं ठेवलं. आत्या शेळीला घेऊन आली आणि शेळी टेम्पोत चढेना, तर तिच्याशी भांडायला लागली. माय जागची हलली नाही. मामाने तिची चुलीवरची तवली उचलली, तरी ती त्याच्याकडे बघत राहिली, जसं दुसऱ्याच कुणाच्या घरचं सामान हलतंय.

आत खाट करकरली. आबा उठले होते. भर दुपारी, इतक्या दिवसांनी. दारात आले, उन्हाने डोळे बारीक केले. चपला दाराशी त्यांनीच ठेवलेल्या तशाच होत्या. त्यांत पाय घातले. बखळीत आडवा पडलेला वेळू त्यांनी बघितला, डालगं बघितलं, डालग्याखाली अजून तशीच असलेली मालकाची बॅटरी बघितली. मग टेम्पो बघितला. माझ्या हातात चुलत्याचे बूट होते, ते मी टेम्पोत टाकायला निघाले होते. ते त्यांनी जरा जास्त वेळ बघितले.

मामाला वाटलं, निघाले. त्याला भरून आलं आणि तो त्यांना धीर द्यायला लागला. दाजी, बिलकूल फिकर करू नका, तो सांगत होता. परभणीत आमच्याकडं चौकाचौकात जीप हाय. नुसता दिवा न्हाई, दिव्याखाली गाडी हाय, गाडीत बंदूकवाले हायत. टेसनाजवळ जाळीची मोठी गाडी दिवसरात उभी. भोंगा वाजला की कुत्रंबी रस्त्यावर ऱ्हात न्हाई.

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं. माय त्यांच्याकडे बघत होती, मी बघत होते, शेळीसुद्धा भांडायची थांबली होती. आबा टेम्पोपाशी गेले, आत वाकले, आणि उतरंडीचं मडकं उचलून पुन्हा मायच्या हातात दिलं. मग मामाकडे वळले आणि एका दमात बोलून गेले,

"तितं कुटं नेतूस रं बाबा? तितं तर खऱ्या जिपा हायत."